शिक्षणातल्या विषमतेवर पीएच.डी. : विषय कसा आखावा, आकडे कुठून आणावेत?

कोरी_पाटी

नमस्कार. समाजशास्त्रात एम.ए. झालं आहे, नेटमध्ये 'फक्त पीएच.डी.' या गटात पात्र ठरले आहे. विषय ठरवला आहे : 'महाराष्ट्रातील शिक्षणातील सामाजिक व सांस्कृतिक विषमता : एक अभ्यास'. क्षेत्र म्हणून बीड जिल्हा, त्यातही ऊसतोड मजुरांची मुलं डोळ्यासमोर आहेत. विषयाची मांडणी बरोबर आहे का? सरकारी आकडेवारीवर किती भिस्त ठेवावी? गाइड, मुदत, अधिछात्रवृत्ती यांचे सध्याचे नियम काय? आणि मुलांशी थेट बोलायचं तर परवानग्या कुणाकुणाच्या लागतात? सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

मुळारंभ

या शीर्षकात तीन-चार प्रबंध बसतील, आणि अडचण तीच आहे. संशोधन सल्लागार समितीपुढे पहिला प्रश्न येईल : विषमता कशातली? शाळेत नाव घालण्यातली, शाळेत टिकण्यातली, वर्गात बसून खरोखर शिकण्यातली, की शिकलेल्याचं पुढे मोल मिळण्यातली? महाराष्ट्रात सहा ते चौदा वयाच्या बहुतेक मुलांचं नाव कुठल्या ना कुठल्या पटावर असतं. 'प्रवेश' हेच माप धरलंत तर विषमता संपल्यासारखीच दिसेल.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल लुकस यांनी २००१ मध्ये मांडलेला मुद्दा इथे कामी येतो. एखादी पायरी सगळ्यांना खुली झाली की वरचे गट त्याच पायरीवरचा सरस पर्याय धरतात. आपल्याकडे तेच दिसतं. पाचवीत सगळेच आहेत, पण कोण सेमी-इंग्रजीच्या तुकडीत, कोण इंग्रजी माध्यमात, कोण नवोदयच्या तयारीला आणि कोण दोनशिक्षकी शाळेत, यावर पुढचं ठरतं. तुमची मोजणी या पातळीवर उतरली पाहिजे.

आता 'सांस्कृतिक'. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू यांची सांस्कृतिक भांडवलाची कल्पना घ्यायची आणि मग 'घरात पुस्तकं किती, वर्तमानपत्र येतं का, टीव्ही आहे का' अशी प्रश्नावली करून बेरीज मांडायची, ही फार जुनी चूक आहे. त्यातून निघतं ते घरच्या ऐपतीचं माप. बोर्द्यू सांगतात ते असं की शाळा जे शिकवत नाही पण गृहीत धरते, ते ज्या घरात आधीपासून असतं त्या घरचं मूल 'हुशार' ठरतं. मराठी शाळेत ती गोष्ट म्हणजे प्रमाण भाषा. दुसरीच्या वर्गात मूल उभं राहून म्हणतं, "आमच्यात काल पानी नव्हतं." बाई तिथेच थांबवतात, "पानी नाही, पाणी म्हण." मूल 'पाणी' म्हणतं आणि खाली बसतं. पाणी का नव्हतं, मग घरच्यांनी काय केलं, हे सांगायचं राहूनच जातं.

हे नोंदवता येतं. ३५ मिनिटांच्या तासिकेत उभं करून कुणाला वाचायला लावलं, कुणाचं वाक्य मध्येच तोडलं, प्रश्न विचारल्यावर कुणासाठी किती सेकंद वाट पाहिली, कोण कुठल्या रांगेत बसलं, याचा एक पानी तक्ता करा. एका वर्गाच्या किमान आठ-दहा तासिका बघाव्या लागतात. पहिल्या दोन-तीन तासिकांत शिक्षक पाहुण्यासमोर शिकवावं तसं शिकवतात. त्या नोंदी विश्लेषणात धरू नयेत.

आकडेमोड

आकडेवारीबद्दल लिहितो. ऊसतोडीच्या बाबतीत इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे.

यूडायसची, म्हणजे शाळांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या सरकारी माहितीची, मोजदाद वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरच्या पटावर होत आली. टोळ्या गावातून बाहेर पडतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे मोजदादीच्या दिवशी मूल वर्गात बसलेलं असतं आणि पाच-सहा आठवड्यांत ते कारखान्यावर गेलेलं असतं. आकड्यात खोटं काही नाही. फक्त तो दिवस असा आहे की ज्या दिवशी ही विषमता दिसूच शकत नाही. त्यातून २०२२-२३ पासून यूडायस प्लसमध्ये शाळेच्या एकूण आकड्यांऐवजी विद्यार्थीनिहाय नोंद सुरू झाली. त्यामुळे आधीच्या वर्षांशी थेट तुलना करून 'पट एवढा घसरला' असं लिहू नका. परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

'असर' या 'प्रथम' संस्थेच्या ग्रामीण सर्वेक्षणाचं उलट आहे. ते शाळेतून नाही, घरोघरी जाऊन मोजतात : जिल्ह्याला ३० गावं, गावात २० घरं, म्हणजे ६०० घरं. ५ ते १६ वयाच्या मुलांना वाचन आणि गणिताची चाचणी घरीच देतात. शाळेत न जाणारं मूलही त्यात येतं, हा मोठा गुण. पण सर्वेक्षण बहुतेक वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरात होतं आणि बंद घर दिसलं की सर्वेक्षक पुढच्या घरी जातो. स्थलांतरित कुटुंब तिथे निसटतं. शिवाय असरच्या मुख्य तक्त्यांत जातनिहाय फोड नसते.

जात आणि खर्च दोन्ही हवं असेल तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची शिक्षणावरची फेरी घ्या : ६४वी (२००७-०८), ७१वी (२०१४), ७५वी (२०१७-१८). घरनिहाय मूळ डेटा मोफत उतरवता येतो. भारांक (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने आहे तो आकडा) लावल्याशिवाय एकही टक्केवारी काढू नका, आणि जिल्ह्याच्या पातळीवर उतरू नका. एका जिल्ह्यातली घरं त्यासाठी फार थोडी असतात. अजून एक पेच. त्यात सामाजिक गट चारच : अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, इतर मागास, इतर. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांचे अ, ब, क, ड असे चार उपगट आहेत. ऊसतोडीत मोठ्या संख्येने असलेला वंजारी समाज राज्याच्या यादीत 'भटक्या जमाती ड' आहे, तर केंद्राच्या यादीत इतर मागास. राष्ट्रीय डेटात तो वेगळा काढताच येत नाही. म्हणून हे आकडे पार्श्वभूमीच्या प्रकरणापुरते ठेवा.

आयएचडीएस या देशव्यापी कुटुंब सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या (२००४-०५ आणि २०११-१२) जरूर बघा. ४० हजारांवर कुटुंबं, आणि ८ ते ११ वयाच्या मुलांचं वाचन-लेखन-गणित तपासलेलं. जुना आहे, पण घरची परिस्थिती, जात आणि मुलाचं शिकणं एकाच नोंदीत क्वचित सापडतं.

शिवारफेरी

आकडेमोड यांच्या ३० सप्टेंबरच्या मुद्द्याला दुजोरा. आता क्षेत्राबद्दल.

'ऊसतोड मजूर' हा एकच गट धरू नका. गाडी सेंटर, टायर सेंटर आणि डोकी सेंटर असे प्रकार आहेत आणि मुलांच्या शाळेवर त्यांचा परिणाम वेगवेगळा होतो. गाडी सेंटरची, म्हणजे बैलगाडीवाली, कुटुंबं हंगामभर बहुधा कारखान्याजवळ एकाच अड्ड्यावर असतात. तिथली मुलं जवळच्या शाळेत किंवा साखरशाळेत (कारखान्यावरच्या हंगामी शाळेत) जाऊ शकतात, निदान तसं शक्य असतं. डोकी सेंटरच्या, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या, टोळ्या मात्र फड संपला की पुढच्या गावाला. कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उठतात, मूल कुठल्याच शाळेच्या टप्प्यात राहत नाही. या दोघांची सरासरी काढलीत तर हाती काहीच लागणार नाही.

तसंच चार प्रकारची मुलं वेगळी ठेवा : आईवडिलांबरोबर गेलेली, आजी-आजोबांकडे गावात राहिलेली, हंगामी वसतिगृहाच्या योजनेत जेवणारी, आणि नोव्हेंबरात राहिली पण जानेवारीत आईने बोलावून घेतली अशी. चौथ्या प्रकारात बहुतेक दहा-बारा वर्षांच्या मुली सापडतील, लहान भावंडाला सांभाळायला नेलेल्या. हजेरीपटावर हा प्रकार ओळखू येतो : डिसेंबरपर्यंत अखंड हजेरी आणि मग एकदम रिकामे रकाने, किंवा त्याहून वाईट म्हणजे रिकामे नसलेले रकाने.

त्या भरलेल्या रकान्यांबद्दल सावध राहा. सलग महिनाभर गैरहजर मूल शाळाबाह्य धरलं जातं, आणि पट घसरला तर शिक्षकाचं पद धोक्यात येतं. त्यामुळे हजेरी भरण्याचा दबाव मोठा असतो. शिक्षकाला खोटं ठरवायला तुम्ही तिथे गेलेल्या नाही. हजेरीपट, पोषण आहाराची रोजची नोंद आणि तुम्ही स्वतः मोजलेली डोकी, असे तीन आकडे ठरावीक तारखांना, महिन्यातून दोनदा घ्या. तिन्हींमधली तफावत हाच तुमचा डेटा. प्रबंधात शाळेचं नाव येणार नाही हे मुख्याध्यापकांना आधी सांगा आणि पाळा.

घरयादी मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्याकडून) घेऊ नका. त्याच्या वहीत कोयते असतात, मुलं नसतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. शिवाय उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) त्याच्याकडून घेतलेली असते, त्याने ओळख करून दिलेली बाई तुमच्याशी मोकळं बोलणार नाही. यादी अंगणवाडी सेविका आणि शाळेचं जनरल रजिस्टर यांवरून करा, मग ग्रामपंचायतीच्या नोंदीशी ताडून पाहा.

नियमावली

प्रवेश-मुदतीचं थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ७ नोव्हेंबर २०२२ चे नियम सध्या लागू आहेत. किमान मुदत ३ वर्षं, कमाल ६. त्यानंतर पुनर्नोंदणीने २ वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी २. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचं, त्यात ५५ टक्के हवेत.

गाइड शोधताना तीन गोष्टी विचारा. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६, सहायककडे ४ विद्यार्थी चालतात. जागा खरोखर रिकामी आहे का? निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणि त्यांनी गेल्या पाच वर्षांत या विषयावर काय लिहिलं आहे? शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून संशोधनपद्धतीचं प्रकरण वाचा. गाइड किती बारकाईने बघतात ते तिथे कळतं. विषय आधी कुणी केलाय का हे मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्दांनी शोधा, एका भाषेत शोधलं की निम्मं राहतं.

तुमचा नेटचा गट असा आहे की त्या गुणांवर एका वर्षातच प्रवेश घ्यावा लागतो : ७० टक्के भार नेटचा, ३० टक्के मुलाखतीचा. वर्ष वाया घालवू नका.

अधिछात्रवृत्ती : जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) नसल्याने राज्याच्या संस्था बघा. बार्टी अनुसूचित जातींसाठी, टीआरटीआय आदिवासींसाठी, महाज्योती इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी, सारथी मराठा-कुणबी गटांसाठी. जाहिरात दरवर्षी ठरलेल्या तारखेला येते असं नाही आणि रक्कम दरमहा हातात पडेल असं धरून घरभाडं ठरवू नका. क्षेत्रकामाचे पहिले सहा महिने स्वतःच्या जुळवाजुळवीवर निघतील अशी तयारी ठेवा. दोन अधिछात्रवृत्त्या एकदम घेता येत नाहीत.

प्रबंध मराठीत लिहायचा असेल तर नोंदणीच्या वेळीच विद्यापीठाकडून लेखी घ्या. परीक्षक निवडताना मराठी वाचणारे बाहेरचे दोन तज्ज्ञ लागतील हेही गाइडच्या कानावर घाला. साधर्म्य तपासणीत (दुसऱ्यांच्या लिखाणाशी मजकूर किती जुळतो ते बघतात) १० टक्क्यांपर्यंत अडचण नाही, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं.

दप्तरखाना

एक विनंती. 'शैक्षणिक विषमतेचा इतिहास' म्हणून वेदकाळापासून सुरू होणारं साठ पानी प्रकरण लिहू नका. तुमच्या प्रश्नाला लागतो तेवढाच इतिहास घ्या. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन मुळातून वाचा. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, या दोन मागण्या तिथे एकत्र येतात. दुसरी मागणी वरच्या 'पानी-पाणी' प्रसंगाला थेट भिडते. वर्गात कुणाची भाषा चालणार, हे शिक्षक कुठून आला यावरही ठरतं, हे त्यांनी ओळखलं होतं. नंतर शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घ्या. गैरहजर मुलाचं करायचं काय हा प्रश्न सक्ती आली की लगेच उभा राहतो. पंधरा पानांत हे बसतं.

साक्षी

परवानग्या. जिल्हा परिषद शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांचं पत्र, त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांना, मग मुख्याध्यापक. आदिवासी आश्रमशाळा घेतलीत तर वाट वेगळी, तिथे आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प अधिकारी. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी हातात ठेवा.

मुलांच्या बाबतीत पालकाची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. पालकाला वाचता येत नसेल तर मजकूर त्यांच्या बोलीत वाचून दाखवा आणि साक्षीदारासमोर अंगठा घ्या. साक्षीदार मुकादम किंवा शिक्षक नको. आधार क्रमांक कुठेच उतरवू नका. आणि जात वर्गात सगळ्यांसमोर कधीही विचारू नका. ती जनरल रजिस्टरमधून घ्या.

आता जो भाग बहुतेक संमतीपत्रांत चुकतो तो. 'तुम्ही सांगाल ते पूर्ण गुप्त राहील' असं लिहिलेलं असतं. असं वचन तुम्ही देऊ शकत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावरचा लैंगिक अत्याचार कळल्यावर तो कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. या क्षेत्रात पंधरा वर्षांची विवाहित मुलगी मुलाखतीला समोर येणं सहज शक्य आहे. अशा वेळी काय करायचं, कुणाला पहिला फोन करायचा, मुलीची सुरक्षा कोण बघणार, हे नैतिकता समितीपुढे आधीच लेखी ठरवून घ्या. संमतीपत्रात सरळ लिहा : 'मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचं कळलं तर मला ते सांगावं लागेल.' काही जण मग बोलणार नाहीत. तो तोटा सोसायचा.

नावं बदलली की ओळख लपते असंही नाही. तालुका, जात, मुलगी आणि ४३ पटाची शाळा एवढं लिहिलंत तर गावातला कुणीही ती कोण ते सांगेल. त्यातले एक-दोन तपशील मोघम ठेवा.

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षक नव्याने लिहिलंय : 'हंगामी स्थलांतर आणि वाचनक्षमता : बीड जिल्ह्यातील तिसरी ते पाचवीच्या मुलांचा दोन टप्प्यांतील अभ्यास'. जाण्यापूर्वी आणि परतल्यावर एकेकदा वाचनचाचणी, शिवाय निवडक वर्गांचं निरीक्षण. ३० शाळा, प्रत्येकी २५ मुलं, एकूण ७५० असं धरलंय. ४० मुलाखती. पुरेल ना?

आकडेमोड

७५० हा आकडा मोठा वाटतो, पण एका शाळेतली मुलं एकमेकांसारखीच असतात, शिक्षक एक आणि गाव एक. त्यामुळे पंचविसावं मूल फारसं नवं काही सांगत नाही. हिशेब मांडून बघा. शाळेतल्या शाळेत साम्य ०.३ धरलं तर २५ मुलांच्या गटाला १ + २४ × ०.३ = ८.२ हा भाजक येतो. ७५० भागिले ८.२ म्हणजे जेमतेम ९१ स्वतंत्र मुलांएवढी माहिती. तेच ७५ शाळा आणि प्रत्येकी १० मुलं घेतलीत तर भाजक ३.७ आणि हाती २०३. मुलं तेवढीच, माहिती दुपटीहून जास्त. ७५ शाळा एकट्याने झेपणार नाहीत; ५० शाळा, १५ मुलं असं काहीतरी बघा. दुसऱ्या फेरीला सगळी मुलं सापडत नाहीत, त्याची तूट आधीच धरा. आणि कोण सापडलं नाही याची वेगळी यादी ठेवा; न सापडलेली मुलंच सगळ्यात जास्त मागे पडलेली असण्याचा संभव असतो.

चाचणी असरच्या पद्धतीची घेणार असाल तर पातळ्या पाचच आहेत : प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्यांना १ ते ५ गुण देऊन सरासरी काढू नका; अक्षर ते शब्द आणि परिच्छेद ते गोष्ट हे अंतर सारखं नाही. क्रमवार पातळ्यांसाठीचं संख्याशास्त्रीय प्रतिमान वापरा, शाळा हा वरचा स्तर धरून.

मुळारंभ

मुलाखतींचा वेळ धरला का? ४० मुलाखती, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे ३० तासांचं ध्वनिमुद्रण. तासाभराचं उतरवायला सहा तास लागतात. १८० तास, रोज चार तास बसलात तर दीड महिना. उतरवताना बोली प्रमाण करू नका. 'आलतो', 'गेलतो', 'पानी' जसंच्या तसं. ते सुधारलंत तर वर्गात बाईंनी केलं तेच प्रबंधात होईल, आणि तुमचा अर्धा विषय पुसला जाईल.

कोरी_पाटी

५० × १५ करते. पहिली चाचणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी का?

शिवारफेरी

ताई, ऑक्टोबर उशीर होईल. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, दसऱ्यानंतर गाड्या भरायला लागतात आणि लांबच्या कारखान्यांच्या टोळ्या आधी निघतात. ५० शाळा एकटीने करायच्या तर रोज एक शाळा धरूनही सुट्ट्या मिळून अडीच महिने जातात. जुलैत घरयादी, ऑगस्टमध्ये चाचणी सुरू, दसऱ्याच्या आत संपवायची. शिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रासाठी मेमध्येच अर्ज टाका, जूनमध्ये शाळा उघडण्याच्या गडबडीत तो मागे पडतो. दुसरी फेरी एप्रिलमध्ये नको, टोळ्या मागे-पुढे परततात आणि शाळा सकाळच्या होतात. जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या की पंधरा दिवस जाऊ द्या, मग त्याच क्रमाने शाळा घ्या म्हणजे दोन चाचण्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहील. प्रत्येक घरचे दोन फोन नंबर घ्या, एक गावात राहणाऱ्या आजीचा किंवा शेजारणीचा. कारखान्यावर गेल्यावर आईवडिलांचा नंबर बदलतो, आजीचा बदलत नाही.